जुन्या बाजारातला ब्लेझर

“हा ब्लेझर तुमच्या मुलीकडे कसा आला?”

कारखानीस मॅडमनी मला बसासुद्धा म्हटलं नाही. त्या शाळेच्या सुपरवायझर. समोर टेबलावर वृंदाचा मरून ब्लेझर उलटा करून पसरलेला, अस्तर वर, आणि मानेजवळ शिवलेल्या पांढऱ्या पट्टीवर मॅडमचं बोट. भिंतीला टेकून वृंदा उभी. आठवीतली पोर. डिसेंबरातली सकाळ, खोलीत गारठा, आणि तिच्या अंगात नुसता अर्ध्या बाह्यांचा शर्ट.

“मी घेतला,” मी म्हणाले. “रविवारी. जुन्या बाजारातून.”

“जुन्या बाजारातून.” तोंडात केस आल्यासारखा चेहरा झाला मॅडमचा. “पावती आहे?”

“जुन्या बाजारात पावती देतात होय मॅडम?”

“म्हणजे नाही. या पट्टीवर नाव आहे. तन्वी सबनीस. तुमच्या मुलीच्याच वर्गातली मुलगी आहे ती. मी तन्वीला बोलावून विचारलं, हा तुझा ब्लेझर का? ती हो म्हणाली. तू तो वृंदाला दिलास का? ती नाही म्हणाली. आता आणखी काय विचारायचं राहिलं?”

ती पट्टी मी घेतानाच पाहिली होती. उसवायची राहून गेली होती, आणि त्यात लपवण्यासारखं काही असेल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

“मुलीला लहान झाला असेल. घरच्यांनी बोहारणीला दिला असेल.”

“सबनीसांच्या घरात बोहारणीला कपडे देत नाहीत.”

“तुम्हाला कसं माहीत?”

“मिसेस भोकरे, आवाज खाली. मी वर्गालाही स्पष्ट सांगितलंय, आपापल्या वस्तू सांभाळा. आपल्या वर्गात चोर आहे.”

“हे वृंदासमोर सांगितलंत?”

“तिला पुढं उभं करूनच सांगितलं. ब्लेझरही तिथंच काढून घेतला. मुलांना कळायला नको?”

मी वृंदाकडे बघितलं. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. त्या टेबलावर काचेचा पेपरवेट होता, आणि माझा हात त्याच्याकडे जाऊ नये म्हणून मी दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले, हे मला आजही आठवतं.

“शनिवारी पालकसभा आहे,” मॅडम म्हणाल्या. “सभेनंतर प्रिन्सिपॉल सर निर्णय घेतील. तोवर तिला घरी ठेवा.”

मी ब्लेझर उचलायला गेले, तर मॅडमनी त्यावर हात ठेवला. “हा इथंच राहील.”

तेव्हा आम्ही गंज पेठेत राहायचो. वृंदाचे वडील छापखान्यात मशिनवर. मी घरी बायकांच्या साड्यांना फॉल-पिको करून द्यायची. कॅम्पातल्या त्या इंग्रजी शाळेत वृंदाला तिच्या मार्कांवर प्रवेश मिळाला होता, कुणाच्या ओळखीवर नाही. फी आम्ही कशीतरी भरत होतो. पण त्या वर्षी शाळेनं ब्लेझर सक्तीचा केला, आणि तो एकाच दुकानात मिळणार असं ठरवलं. त्या दुकानात मी गेले, किंमत ऐकली आणि पायरी उतरून खाली आले.

पण मी हार मानणारी नव्हते. जुना बाजार माझ्या हातातला होता. रविवारी नि बुधवारी तिथं रस्त्यावर चादरी पसरून जुने कपडे, भांडी, घड्याळं, कुलपं, काय वाट्टेल ते विकायला बसतात. लोक नाक मुरडत यायचे, वरवरचं काहीतरी उचलायचे नि फसायचे. मी सकाळी गाठोडी सुटायच्या वेळेला हजर. हवी ती वस्तू दिसली तरी तिला हात लावायचा नाही. शेजारच्या नको असलेल्या वस्तूवर घासाघीस करायची, कंटाळून उठायचं, आणि उठता उठता “बरं, हे तरी कसं दिलंस?” म्हणून हवी ती उचलायची. कपडा घेताना रंगाला भुलायचं नाही. आधी काख बघायची, मग अस्तर, मग शिवणी ओढून बघायच्या. कितीही भारी कापड असलं तरी घामानं खाल्लेलं घरात आणायचं नाही. दिवाळीत आमच्या वाड्यातल्या बायका विचारायच्या, “शालन, हे पडदे कुठल्या दुकानातले गं?” मी नुसती हसायची.

ब्लेझर मला हंसाबेनच्या ढिगात मिळाला होता. हंसाबेन आमच्या पेठेत भांडी घेऊन फिरायची, भांड्यावर जुने कपडे घ्यायची आणि रविवारी-बुधवारी बाजारात बसायची. पडद्यांच्या खाली एक मरून बाही दिसली. खिशावर शाळेचं चिन्ह. बटणं शाबूत, अस्तर नव्यासारखं. मी पडद्यांवर मनसोक्त भांडले आणि ब्लेझर घेऊन उठले. वृंदानं तो तिथंच रस्त्यात घातला आणि उन्हात उभी राहून स्वतःभोवती एक गिरकी घेतली. जत्रेतल्या पाळण्यात बसल्यासारखी हसत होती.

त्याच पोरीला त्यांनी चोर म्हटलं.

रात्री वृंदाच्या वडलांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “शालन, मिटवून टाक. शाळा मोठी आहे. जाऊन सांग, चूक झाली, परत असं होणार नाही.”

“कसली चूक?”

“अगं, नावापुरतं म्हणायचं.”

“नावापुरतं? अहो, कुणाच्या नावापुरतं? तिच्या?”

“तिची शाळा सुटली तर काय करणार आहेस?”

“आणि चोर म्हणून त्या शाळेत ती आणखी दोन वर्षं बसली, तर तुम्ही काय करणार आहात?”

ते वाईट नव्हते. घाबरट होते. त्या रात्री मला वाईटपणा परवडला असता.

वृंदा भिंतीकडे तोंड करून पडली होती. जेवली नाही, रडली नाही. मी तिच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा एवढंच म्हणाली, “आई, तन्वी खोटं बोलली नाही. तिनं मला दिलाच नव्हता ना.”

खोटं कुणीच बोललं नव्हतं. दोन प्रश्न विचारले, दोन खरी उत्तरं मिळाली, आणि त्यांनी माझ्या पोरीला चोर करून मोकळं केलं. मला झोप कसली लागते?

बुधवारी मी बाजार उघडायच्या आधीच हंसाबेनला गाठलं. ती अजून गाठोडं सोडत होती.

“हंसाबेन, रविवारी मी लाल कोट नेला, शाळेचा. तो कुठनं आला तुझ्याकडे?”

तिचा हात थांबला. “का? फाटला काय ताई?”

“माझ्या पोरीवर चोरीचा आळ आलाय.”

“अरे देवा!” ती उठूनच उभी राहिली. “ताई, मी चोरीचा माल नाय घेत. पोलीस येतील काय? माझं नाव नको घेऊ हां. आमच्या लोकांचं नाव घेतलं की कोण काय विचारत नाय, डायरेक्ट गाडीत घालतात.”

“तुझं नाव नाही घेणार. माझ्या पोरीची शपथ. पण मला खरं सांग.”

ती इकडंतिकडं बघून खाली बसली. “भंगारवाल्याकडनं घेतला. त्याला शाळेनं बोलावलेलं. मोडकी बाकं, रद्दी, असलं सगळं. आणि एका खोलीत कपडेच कपडे, पिशव्या भरून. चष्मेवाली बाई होती उभी, सुपरवायझर. बोलली, हे पण घेऊन जा, खोली खाली पायजे, गॅदरिंग आहे. भंगारवाला कपड्याचं काय करणार? मला दिले.”

“पिशव्या भरून?”

“टेंपोमधी अर्धे तेच होते.”

मी तशीच घरी आले. वृंदा खिडकीत बसली होती. “वृंदे, तुमच्या शाळेत कधी कपडे गोळा केले होते का गं?”

“हो. गणपतीनंतर. जुन्नरकडच्या पाड्यांवरच्या मुलांसाठी. चांगले, धुतलेले, इस्त्री केलेलेच आणा म्हणाले होते. मी नाही का तो निळा फ्रॉक नेला? फोटो लावलाय ना बोर्डावर, आम्ही सगळे पिशव्या घेऊन उभे आहोत तो. पेपरातपण आला होता.”

“मग ते कपडे पाड्यावर पोचले का?”

“फोटो काढला ना,” वृंदा म्हणाली. “म्हणजे पोचलेच असतील.”

तोपर्यंत मला त्या मॅडमचा राग होता. आता राग कुणाकुणाचा करायचा हेच कळेना. तिकडं डोंगरात पोरं थंडीत कुडकुडत असणार, इकडं त्यांचा माल भंगारात गेला, आणि त्यातला एक कोट अंगावर चढवला म्हणून माझी पोर चोर ठरली. आणि ज्या बाईनं पिशव्या उभं राहून भरून दिल्या, तीच बाई माझ्याकडे पावती मागत होती.

मी माळ्यावरून माझ्या लग्नातली तांब्याची घागर काढली. आईनं दिलेलं परात-पातेलंही काढलं. सगळं गोणपाटात बांधलं आणि हंसाबेनच्या घरी गेले. तिच्या खोलीत छतापर्यंत कपड्यांचे गठ्ठे रचलेले होते.

“त्या शाळेच्या पिशव्यांतलं जे उरलं असेल, ते मला पाहिजे.”

“ताई, सगळं मिसळलं. आता त्यातलं कसं ओळखू?”

“मी ओळखते. तू फक्त गठ्ठे सोड.”

दुपारभर मी तो ढीग उपसला. आयुष्यात इतकी मन लावून खरेदी मी दुसऱ्यांदा केली नाही. शाळेचे स्वेटर, शाळेचे मोजे हे सोपं काम होतं. घरचे कपडे ओळखायला मात्र डोकं लागलं. पण त्या शाळेचा एक नियमच होता, मुलांच्या प्रत्येक कपड्याला नावाची पट्टी हवी. वरचेवर कुठं सहल, कुठं शिबिर असायचं, म्हणून बायका घरच्या कपड्यांनाही पट्ट्या शिवायच्या. मी माना उलट्या करत गेले. कमरपट्टे उलटे करत गेले. जरीचा परकर-पोलका निघाला. लोकरीची टोपी निघाली, सुबक विणलेली, कुणाच्या तरी आजीच्या हातची. आणि एक पिवळा फ्रॉक, कॉलरवर पांढरी फुलं भरलेली. त्याच्या मानेवर नाव वाचलं आणि मी खालीच बसले. तन्वी सबनीस.

हंसाबेननं घागर हातात घेऊन वाजवून बघितली. “कपडे देऊन भांडी नेतात, हे आयुष्यभर बघितलं. भांडी देऊन कपडे नेणारी तू पहिली.” मग परात मात्र तिनं माझ्याकडे सरकवली. “ही ने. आईची आहे बोलली ना? नको मला.”

घरी गाठोडं बघून वृंदाच्या वडलांनी कपाळाला हात लावला. “घागर दिलीस?”

“दिली.”

“या चिंध्यांसाठी?”

“चिंध्या म्हणू नका. माझ्या पोरीची अब्रू आहे ती.”

शनिवारी ते माझ्याबरोबर येतो म्हणाले. मी नको म्हटलं. मला मागून कुणी पदर ओढायला नको होतं.

पालकसभेला मुलांनीही यायचं असायचं, त्यामुळे शाळा गजबजलेली होती. सभा हॉलमध्ये चालू होती. हॉलच्या दाराबाहेर मोठा व्हरांडा, सगळ्यांना बाहेर पडायचं तर तिथूनच. मी गाठोडं खाली ठेवलं, जमीन पदरानं झटकली आणि घरची डबल बेडची चादर अंथरली. मग एकेक कपडा मांडायला लागले. बाजारात मांडतात तसा, मान वर, नावाची पट्टी दिसेल अशी. वृंदा माझ्या शेजारी उभी होती.

शिपाई धावत आला. “अहो बाई, इथं विकायला बसता येत नाही.”

“विकायला नाही बसले. ओळखायला बसलेय.”

“काय ओळखायला?”

“थांबा. कळेल.”

सभा सुटली. दार उघडलं. अत्तराचा वास आला, मग बुटांचा नि सँडलचा आवाज. पुढचे लोक अडखळून थांबले. मी बाजारातल्यासारखाच आवाज काढला.

“या, बघा! आपापलं ओळखा! नावानिशी माल आहे!”

कुणी हसलं. कुणी म्हणालं, “हे काय चाललंय?” आणि मग एक बाई खाली वाकली. तिनं ती लोकरीची टोपी उचलली नि पट्टी बघितली.

“अगं बाई, ही तर आपल्या चिन्मयची. आईंनी विणलेली. ही आपण त्या कलेक्शनला नव्हती का दिली?”

“हा स्वेटर आमचा आहे!” दुसरं कुणीतरी म्हणालं. “नाव आहे बघा.”

“हे कपडे तर आदिवासी मुलांना द्यायला दिले होते!”

“हो, शाळेच्या पत्रकात पण होतं, पोचवले म्हणून!”

गलका वाढत गेला. पाठीमागचे लोक पुढं घुसले. मी त्या सगळ्यांत एकच बाई शोधत होते, आणि ती कशी दिसते तेही मला माहीत नव्हतं. मग हिरव्या सिल्कच्या साडीतली एक बाई चादरीशी थबकली. तिच्या हाताला धरून वृंदाच्याच वयाची, पण चांगली उंच मुलगी. बाईनं पिवळा फ्रॉक उचलला, कॉलरवरच्या फुलांवरून अंगठा फिरवला.

“तन्वी, हा तुझा. हा इथं कसा? हा मी स्वतः पिशवीत घातला होता. तुझ्या लहान झालेल्या ब्लेझरबरोबर.”

“काय म्हणालात?” मी उभी राहिले. “परत म्हणा. मोठ्यानं म्हणा.”

ती दचकली. “ब्लेझरबरोबर. का?”

“तुमच्या मुलीचा तो ब्लेझर मी जुन्या बाजारातून विकत घेतला. आणि तो अंगात घातला म्हणून या शाळेनं माझ्या मुलीला वर्गासमोर चोर म्हटलं.”

बाईनं मुलीकडे बघितलं. “तन्वी, तू सांगितलं नाहीस, आपण तो दिला होता म्हणून?”

“मला माहीत नव्हतं मम्मी. तू कधी दिलास?” तन्वी रडवेली झाली. “मॅडमनी तेवढंच विचारलं.”

तोवर गर्दी फाटली आणि प्रिन्सिपॉल राजाध्यक्ष सर पुढं आले. त्यांच्या मागं कारखानीस मॅडम. चादरीकडे बघताच मॅडमचा चेहरा उतरला. मला तेवढं पुरे होतं.

“काय तमाशा आहे हा?” सर म्हणाले.

“तमाशा माझा नाही सर. तुमच्या खोलीतला माल आहे. भंगारात घातलेला.”

“सर, हे खरं आहे का?” चिन्मयच्या आईनं विचारलं. “आम्ही दिलेले कपडे भंगारात घातले?”

सरांनी मॅडमकडे बघितलं. मॅडम हळूच म्हणाल्या, पण सगळे गप्प झाले होते, त्यामुळे ऐकू आलं. “सर, गाडीची सोय झालीच नाही. तुम्हीच म्हणालात ना, गॅदरिंगच्या आधी खोली रिकामी करा.”

सर काहीतरी इंग्रजीत बोलायला लागले. व्यवस्थेतली त्रुटी, चौकशी, असं काही असावं. मला सगळं कळत नव्हतं, पण लोकांना कळलं नि ते चिडले. एक गृहस्थ ओरडला, “आमच्या वस्तूंची ही किंमत?” दुसरा म्हणाला, “पेपरात देतो मी हे.” मला वाटलं, झालं. आता न्याय होणार.

आणि मग मी बघितलं, चिन्मयच्या आईनं ती टोपी पर्समध्ये टाकली.

शेजारच्या माणसानं स्वेटरची घडी घालून काखेत मारली. एका बाईनं परकर-पोलका उचलला, झटकला, नवऱ्याच्या हातात दिला. “असू दे, जरीचा आहे.” चादरीवर हातच हात. आपापली नावं शोधत होते सगळे. एवढे संतापलेले लोक, पण संताप कशाचा, तर आपल्या वस्तू गेल्या याचा. ज्यांच्यासाठी दिल्या होत्या त्यांना मिळाल्या की नाही, हे त्या अख्ख्या व्हरांड्यात एकानं विचारलं नाही. आणि बाजूला उभ्या असलेल्या माझ्या पोरीकडे कुणी बघितलंही नाही.

तेव्हा माझं डोकं खरं फिरलं. आठवडाभर जो राग आला होता तो काहीच नव्हता.

“ठेवा खाली!”

माझा आवाज असा फुटला की शिपाई दोन पायऱ्या खाली गेला.

“ठेवा म्हणते ना! तुम्ही दिले होते की नाही हे? दिले होते ना? मग तुमचे कसे? आणि हे आता मी विकत घेतलेत, माझ्या लग्नातली घागर देऊन. टोपी काढा ताई पर्समधून. काढा! तुम्ही, साहेब, तो स्वेटर. माझी मुलगी विकत घेतलेलं घालून आली तर चोर, आणि तुम्ही दिलेलं उचलून चाललात, तुम्हाला काय म्हणायचं?”

मग सबनीसबाई वाकल्या आणि त्यांनी पिवळा फ्रॉक चादरीवर ठेवला. नीट, बाह्या सरळ करून. त्यानंतर टोपी आली. स्वेटर आला. परकर-पोलका नेणारं जोडपं मात्र तोवर फाटकाबाहेर गेलं होतं.

“मिसेस भोकरे,” प्रिन्सिपॉल म्हणाले, “गैरसमज झाला. आपण माझ्या केबिनमध्ये शांतपणे बसू.”

“केबिनमध्ये नाही. इथं सांगा. माझी मुलगी चोर नाही, एवढंच सांगा.”

त्यांनी इंग्रजीत एक वाक्य म्हटलं.

“मराठीत,” मी म्हणाले.

“वृंदा भोकरे हिनं चोरी केलेली नाही,” राजाध्यक्ष सर म्हणाले.

मला वाटलं, संपलं. मी कपडे गोळा करायला वाकले. तेवढ्यात वृंदाचा आवाज आला. आठवडाभर जी घरात विचारल्याशिवाय बोलली नव्हती, तिचा.

“माझा ब्लेझर द्या.”

ती कारखानीस मॅडमशी बोलत होती. सरांनी मान हलवली, शिपाई धावला, ब्लेझर घेऊन आला. वृंदानं तो अंगात घातला, एकेक बटण लावलं.

“मॅडम, तुम्ही मला वर्गात चोर म्हणालात. इथं नाही म्हणालात. वर्गात चला.”

“वृंदा, आज शाळा नाही,” मॅडम म्हणाल्या. “सरांनी सांगितलं ना आता?”

“सर नव्हते म्हणाले. तुम्ही म्हणालात.” तिचा आवाज थरथरत होता. मी आई आहे, भीतीनं थरथरणारा तिचा आवाज मला माहीत होता. हा तो नव्हता. “मुलं आलीयेत सगळी. चला.”

आणि ती वळली. मागं कुणी येतंय की नाही हे न बघता जिना चढायला लागली. आधी तन्वी तिच्या मागं गेली. मग आठवी ‘ब’ची दुसरी पोरं, आईबापांचे हात सोडून. मॅडम सरांकडे बघत उभ्या राहिल्या. सर जमिनीकडे बघत होते. शेवटी मॅडम चढल्या. कठड्याला धरून, सावकाश.

मी वर गेले नाही. गेले असते तर चादरीवर काही उरलं नसतं.

मॅडम वर काय म्हणाल्या, किती म्हणाल्या, मला आजही माहीत नाही. मी विचारलं तेव्हा वृंदा म्हणाली, “म्हणाल्या,” आणि तो विषय संपला. त्या शाळेतून ती दहावी झाली. मॅडमही तिथंच होत्या, निवृत्त होईपर्यंत. वृंदा समोर दिसली की बाजूच्या जिन्यानं जायच्या. सबनीसबाई त्या दिवशी मला म्हणाल्या, “कपडे माझ्याकडे द्या, मी ड्रायव्हरबरोबर पाड्यावर पाठवते.” मी म्हटलं, “पाठवू नका. तुम्ही चला, मीही येते.” गाडीत मागच्या सीटवर गाठोडं मधे ठेवून आम्ही गेलो. त्या माणूस म्हणून चांगल्या होत्या. पण जाताना रस्ताभर मला मनात वाटत होतं, तो ब्लेझर देण्याआधी हिनं एकदा, फक्त एकदा, मुलीला विचारायला हवं होतं. वृंदा आता चाळिशीला आलीय, मोठ्या हुद्द्यावर आहे, आणि ऑफिसातले लोक तिच्या रागाला टरकून असतात असं जावई सांगतात. तिला शांत हो असं मी तरी कधी म्हटलेलं नाही.

पण त्या दिवशी ती जिन्यावरून खाली आली, तेव्हा मी व्हरांड्यात एकटीच कपड्यांच्या घड्या घालत बसले होते. गर्दी पांगली होती. वृंदा चादरीच्या दुसऱ्या टोकाला बसली आणि एक स्वेटर घडी करायला घेतला. तेवढ्यात उशिरा आलेली एक पालकबाई आमच्यापुढं थांबली. तिला काहीच ठाऊक नव्हतं. तिनं न वाकता चपलेच्या टोकानंच एक फ्रॉक सरकवला.

“विकायला आहेत का गं हे?”

“नाही,” वृंदा म्हणाली.

असं म्हणाली, की ती बाई पाय उचलून मागंच सरकली.

मी घड्या घालत राहिले.